पानावरचं आभाळ

पावसाळ्यात सह्याद्रीत हिरव्याला तोटा नसतो; तरी फोटोत पानं पांढुरकी, तेलकट उतरतात. कॅमेऱ्याला बोल लावू नये. ओल्या पानावर आभाळ सांडलेलं असतं, ते तो इमानाने टिपतो. लेन्सवर पोलरायझर, म्हणजे चकाकी गाळणारी फिरती काच, चढवून त्याची पुढची कडी हळूहळू फिरवा. एका जागी ते आभाळ निथळून जातं आणि खालचं पान दिसतं.

डिजिटल आलं आणि फिल्टरांची पेटी बरीच हलकी झाली. रंगांना ऊब देणारी काच कॅमेऱ्यातल्या व्हाइट बॅलन्सने, म्हणजे रंगजुळणीने, घरी बसवली. यूव्ही फिल्टर आता लेन्सचा रेनकोट म्हणून नोकरीला आहे. पोलरायझर मात्र हटला नाही. चकाकीखालचं पान टिपलंच गेलं नसेल, तर संगणक ते आणणार कुठून?

नखरे आहेतच त्याचे. आभाळ गडद हवं तर सूर्य खांद्याच्या बाजूला, ९० अंशांवर हवा. तो समोर किंवा थेट पाठीशी असेल तर कडी कितीही फिरवा, आभाळ ढिम्म. फुल-फ्रेमवर (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) २४ मिमीहून रुंद, म्हणजे कमी मिमीची, लेन्स असली की निळ्या आभाळात काळपट पट्टा उमटतो. कॅमेरा आडव्याचा उभा केला की कडी पुन्हा जुळवायची, आणि हे हटकून विसरतं.

धबधब्याचा हिशेब सोपा. सावलीत आयएसओ (संवेदनशीलता) १००, एफ ११ (लेन्सचं छिद्र) वर शटर १/३० सेकंद येत असेल, तर पोलरायझर दोन स्टॉप खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा, वेळ दुप्पट), म्हणजे १/८. त्यावर एनडी ८ या उजेड कमी करणाऱ्या गडद काचेचे तीन स्टॉप, झाला एक सेकंद. पाण्याच्या धारा दिसायला एवढं पुरे. दोन्हींऐवजी नुसती, कितीतरी गडद एनडी १००० लावून अर्धा मिनिट थांबलं, तर कड्यावरून पिंजलेला कापूस लोंबतो. आवडतो काहींना. ट्रायपॉड हवाच, फोकस आधी साधून ऑटोफोकस बंद करायचा, मगच गडद काच चढवायची, नाहीतर तो अंधारात चाचपडत बसतो.

काच सर्वांत मोठ्या लेन्सच्या मापाची घ्यावी, लहानांना स्टेप-अप रिंग, म्हणजे मोठी काच बसवणारी जोडकडी. आटे अडकले तर आवळू नये. दाबाने कडी अंडाकृती होऊन आणखी रुतते. रबरबँड गुंडाळून हलक्या हाताने सोडवावी.

आणि उन्हात पाऊस आला तर कडीवर लक्ष ठेवा. ती भलत्या जागी असली तर समोरचं इंद्रधनुष्य फोटोतून गायब होतं. पाव फेरा पुढे न्या, पहिल्यापेक्षा ठळक होऊन परत येतं.