दिवे मालवल्यावर आलेलं बिल

अमेरिकेत अठरा दिवस होते. नायगारा पाहिला, भिजले. वॉशिंग्टनला चालून चालून गुडघा धरला. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. लिहायला बसलेय ते न्यूयॉर्कमधल्या एका तळघरातल्या दीड तासाबद्दल, आणि एका बिलाबद्दल.

भाची जर्सी सिटीत जर्नल स्क्वेअरजवळ राहते. तिथे आधी फोडणीचा वास येतो आणि मग अमेरिका दिसते. एका संध्याकाळी म्हणाली, "मावशी, बिली हॉलिडेची गाणी आहेत. येतेस?" बिली म्हणजे गेल्या शतकातली नावाजलेली काळी अमेरिकन जॅझ गायिका. आजची एक गायिका तिला आदरांजली म्हणून अख्खा कार्यक्रम करणार होती. पाथ ट्रेनने ख्रिस्तोफर स्ट्रीट, पुढे पायी. वाटेत भाचीने '१, शेरिडन स्क्वेअर' हा पत्ता दाखवला. इथल्या तळघरात कॅफे सोसायटी नावाचा क्लब होता, बिली तिथे गायची. काळे-गोरे एकाच क्लबात शेजारी-शेजारी बसतात, याचं १९३९ सालच्या न्यूयॉर्कातही नवल होतं.

आमचा क्लब तिथून जवळच, तोही तळघरात. टेबलं अशी खेटून, की शेजारणीचा पेला चुकून मीच उचलला असता. तिकीट वेगळं, आणि वर माणशी वीस डॉलरचं खाणंपिणं सक्तीचं. मी पीत नाही. दोन जिंजर एलमध्ये वीस भरेनात, म्हणून ऑलिव्हची वाटी मागवली. बारा डॉलर! एक तोंडात टाकलं आणि उरलेली वाटी भाचीकडे सरकवली. तिने ती परत माझ्याकडे सरकवली.

आदरांजली म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे आपल्याकडचा कार्यक्रम येतो. समई, फोटोला हार, निवेदकाची वीस मिनिटं, आणि मूळ गायिकेसारख्या वेण्या घालून तिचाच आवाज काढू बघणारी एखादी मुलगी. बिली केसांत गार्डेनिया माळायची, म्हणजे आपलं अनंताचं फूल. मी त्या फुलाची वाट बघत बसले होते. गायिका आली ती साध्या काळ्या पँटमध्ये, केस इतके बारीक कापलेले की फूल खोवायला जागाच नाही. आवाज जाड, खर्जातला. बिलीच्या आवाजाशी काही नातं नाही. मी मनात तिकिटाचे रुपये करायला लागले.

तिसऱ्या गाण्याला उमगलं. ड्रमवर ब्रशचा ठेका सरळ चाललेला, आणि ही प्रत्येक शब्द जरा मागे ठेवतेय. आता निसटला म्हणेपर्यंत अलगद टेकवतेय. आपल्या ठुमरीवाल्या मात्रेशी असाच लपंडाव खेळतात. बिलीच्या आवाजाचा पल्ला जेमतेम सप्तकाहून थोडा जास्त, तिची सगळी श्रीमंती या रेंगाळण्यात. हिने आवाज नव्हता उचलला, उशीर उचलला होता.

मध्येच गायिकेने थोडक्यात सांगितलं. १९४७ साली अमली पदार्थांच्या खटल्यात बिलीला तुरुंगवास झाला आणि गाण्याचा परवाना गेला. तो नसेल तर शहरात दारू विकणाऱ्या जागी गाता येत नसे. सुटून आल्यावर मार्च १९४८ मध्ये कार्नेगी हॉल खच्चून भरला, पण तो परवाना १९५९ साली मरेपर्यंत परत मिळाला नाही. म्हणजे अशा खोल्यांत तिला गायला बंदी, आणि मला काही न मागवता ऐकायला!

शेवटचं गाणं 'स्ट्रेंज फ्रूट'. दक्षिणेत काळ्या माणसांना मारून झाडांना लटकवत, त्या देहांचं गाणं. ब्रॉन्क्समधल्या एबल मिरोपोल नावाच्या शिक्षकाने लिहिलेलं. कॅफे सोसायटीत बिली हे गायची तेव्हा मालक बार्नी जोसेफसन यांचा दंडक असे: हे गाणं शेवटी, वेटरांनी जागचं हलायचं नाही, सगळे दिवे बंद, उजेड फक्त तिच्या चेहऱ्यावर, आणि नंतर वन्समोअर नाही. इथेही दिवे गेले. ड्रमवाल्याने ब्रश मांडीवर ठेवले. पियानोचे चार सूर, आणि तो जाड आवाज, आता जवळजवळ बोलल्यासारखा.

आणि अंधारात एक बारीक टॉर्च चमकला. वेटर बिलं वाटत होता! टेबलामागून टेबल, काळ्या पाकिटांत घालून. आमच्यासमोर एक पडलं. कुठेतरी कार्डाचं मशीन टुंई करून वाजलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण परक्या देशात बोलणार काय आणि कुणाला?

शेजारच्या टेबलावर सत्तरीच्या पुढची एक काळी बाई एकटीच बसली होती. वेटर तिच्यापाशी पोचला. तिने मान वळवली नाही, डोळे गायिकेवरच. नुसता हात वर केला आणि टॉर्चवर तळवा दाबून धरला. तिच्या बोटांच्या कडा लालसर दिसत होत्या. वेटर तसाच वाकून उभा. गाणं संपेपर्यंत तिने हात काढला नाही.

मग पूर्ण काळोख. दिवे आले तेव्हा गायिका निघून गेली होती. टाळ्या खूप वेळ वाजल्या, ती आली नाही.

शेजारच्या बाईने टॉर्चवरचा हात काढला, पर्समधून चष्मा काढला, पाकीट उघडलं आणि बिल ओळ न् ओळ तपासलं. चूक निघालीच.