पडद्यावर ३७, डिशमध्ये किती?

हेला पेशींचं (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या माणसाच्या कर्करोगाच्या पेशी) विभाजन मायक्रोस्कोपखाली रात्रभर टिपायचं, एवढंच काम होतं. एका पेशीला दोन व्हायला साधारण तासभर लागतो; पण कुठली पेशी कधी सुरुवात करेल याचा नेम नाही, म्हणून अख्खी रात्र दर थोड्या वेळाने फोटो. या पेशींना ३७ अंश, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड आणि भरपूर आर्द्रता लागते. इन्क्युबेटरमध्ये हे आयतं मिळतं, मायक्रोस्कोपवर आपण जमवायचं.

स्टेजवर बसणारा छोटा तापवलेला चेंबर आमच्याकडे होता. कंट्रोलर ३७.० दाखवायचा आणि पेशी मात्र विभाजनासाठी गोल होऊन तासन्‌तास तशाच बसायच्या. अशा वेळी पहिला संशय प्रकाशावर जातो, कारण फोटोसाठी टाकलेला लेझर पेशींना इजा करू शकतो. लेझर कमी केला, दोन फोटोंमधलं अंतर वाढवलं. थोडा फरक पडला, पुरेसा नाही. माझे गाईड आले, आकड्याकडे बघितलं आणि म्हणाले, "हे तापमान चेंबरच्या धातूचं. पेशींचं कुठंय?"

मग डिशमध्ये पाणी घेतलं, बारीक थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) अगदी तळाशी, लेन्सच्या बरोबर वर टेकवला. ३४ च्या आसपास! कारण तेल. ६०एक्सची (६० पट मोठं दाखवणारी) ऑइल लेन्स आणि डिशच्या तळाची पातळ काच, म्हणजे कव्हरस्लिप, यांच्यामध्ये तेलाचा थर असतो, त्यातून खोलीच्या तापमानाची ती जाड धातूची लेन्स उष्णता ओढत राहते, तीही नेमकी आपण बघतो त्या जागेवरून. लेन्सला हीटरचा पट्टा बसवला आणि कंट्रोलरचा आकडा सोडून डिशमधला आकडा ३७ वर आणला. किंचित खालीच ठेवला. अर्धा अंश कमी चालतं, दोन अंश जास्त झालेलं पेशींना सोसत नाही.

फोकसचा त्रास वेगळा. धातू तापला की प्रसरण पावतो, आणि या लेन्सला मायक्रॉनभर सरकणंही जास्त होतं. एसी चालू-बंद झाला की फोकस वरखाली. आता संध्याकाळच्या प्रयोगासाठी हीटर सकाळीच लावते. एसीच्या झोतासमोर पुठ्ठा चिकटवलाय. दिसायला गबाळा आहे, पण काढू देत नाही कुणाला.

कार्बन डायऑक्साइड कमी पडला की माध्यम (पेशी ज्यात वाढतात तो द्रव) अल्कधर्मी होतं, त्यातला फिनॉल रेड हा रंगसूचक गुलाबी-जांभळा होतो. पण फिनॉल रेडमुळे फ्लुरोसन्सच्या (लेझर पडल्यावर चमकणाऱ्या रंगांच्या) फोटोत पार्श्वभूमी उजळते, म्हणून इमेजिंगला त्याच्याविना माध्यम वापरतात आणि रंगाचा इशारा जातो. त्यावर उपाय म्हणून तेच रंगीत माध्यम घातलेली एक डिश चेंबरमध्ये शेजारी ठेवते. नुसता एचईपीईएस (माध्यमाची आम्लता स्थिर ठेवणारं रसायन) घालून गॅस टाळायचा सल्ला मिळतो. थोड्या वेळाच्या कामाला ठीक. रात्रभर नको, कारण रायबोफ्लेविन (बी२ जीवनसत्त्व) असलेल्या माध्यमात एचईपीईएसवर प्रकाश पडला की पेशींना घातक हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतो.

गॅस कोरडा सोडला तर डिशमधलं पाणी उडतं, क्षार दाट होतात, पेशी आकसतात. म्हणून तो निर्जंतुक कोमट पाण्यातून सोडायचा. मग झाकणावर थेंब जमतात. झाकणाचा हीटर डिशपेक्षा जरा गरम ठेवला की ते थांबतं.

आता दर वेळी दोन गोष्टी जादा करते. एक डिश मुख्य इन्क्युबेटरमध्ये ठेवते, आणि स्टेजवरच्या डिशमधला एक कोपरा लेझरविना सोडते. सकाळी तिन्हीकडच्या पेशी मोजायच्या. प्रकाश न पडलेल्या कोपऱ्यातही विभाजन मंद असेल तर दोष चेंबरचा; फक्त प्रकाश पडलेल्या भागात मंद असेल तर लेझर अजून कमी करायचा.