कार्ड आहे, पण गोळ्यांचं काय?

काकांची अँजिओप्लास्टी महात्मा फुले योजनेत झाली, पिवळं रेशनकार्ड नि आधार दाखवलं, बिल शून्य. आता कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांचं कव्हर आहे, छानच. पण काकूच्या शुगर-बीपीच्या गोळ्या? त्या दवाखान्यात भरती होऊन नाही, घरी बसून घ्यायच्या ना, मग योजनेत बसत नाहीत, म्हणून ती मेडिकलवाल्याला म्हणते "अर्धीच पट्टी दे रे", आणि इकडे पगारवाला भाऊ वैतागतो की सगळं आमच्याच टॅक्समधून... अरे बाबा, काकू साबण घेते तेव्हा जीएसटी भरतेच की! २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात आरोग्यावरचा सरकारी खर्च २०२५ पर्यंत जीडीपीच्या २.५ टक्के करायचं ठरलं होतं, तेवढं जरी केलं असतं ना. काल काकू पुन्हा सरकारी दवाखान्यात जाऊन आली, खिडकीवर कागद चिकटवलेला, "साठा संपला".