ऐसपैस अक्षरं

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घराच्या ओट्यालगतच्या खोलीत वहिनीने भाजणी-मेतकुटाचं दुकान थाटलं आणि बोर्डाचं काम पुतण्याने अंगावर घेतलं. आठवड्याने बोर्ड चढला. काळ्यावर पांढरं, रोमन लिपीत, नुसतं ‘मेतकूट’. अक्षरं जाडजूड आणि रुंद, एकेक जण रिक्षाची अख्खी सीट अडवून बसल्यासारखं. खाली मराठी आणि गुजराती, अंग चोरून.

“टायरचं दुकान आहे का रे हे?” वहिनी म्हणाली.

“आई, जॉमेट्रिक सॅन्स आहे. एक्स्टेंडेड बोल्ड, म्हणजे रुंद आणि जाड.”

जॉमेट्रिक सॅन्स घराण्याची अक्षरं मला तशी आवडतात. टोकांना शेपट्या नाहीत, कंपास-पट्टीने आखल्यासारखी. त्यांतलं फ्युचुरा जर्मनीत पॉल रेनरने केलं, 1927 साली बाजारात आलं, आणि 1969 मध्ये अपोलो 11 ने चंद्रावर ठेवलेल्या पाटीवरही तेच आहे. 1962 चं, अक्षरं घडवणाऱ्या आल्डो नोव्हारेसेचं युरोस्टाइल इटलीतलं. त्याचा ओ जुन्या टीव्हीच्या पडद्यासारखा, गोल कोपऱ्यांचा.

पण कंपास हा नुसता देखावा. ओ सरळ अक्षरांच्या बरोबर उंचीचा काढला तर लहान दिसतो, म्हणून तो वर-खाली केसभर बाहेर काढतात. आडवी रेघ उभीएवढीच जाड ठेवली तर उगाच जाडी वाटते, म्हणून ती थोडी छाटतात. रुंद अक्षर म्हणूनच वेगळं काढावं लागतं. आमच्याकडे मात्र फ्लेक्सवाला साधा फॉन्ट माऊसने कान धरून आडवा ओढतो. मग उभ्या रेघा खांबासारख्या फुगतात, आडव्या तशाच बारीक राहतात, आणि अक्षराला सूज आल्यासारखं दिसतं. पुतण्याने तेवढं पाप केलं नव्हतं.

गंमत खालच्या दोन ओळींत होती. देवनागरी वाढली ती बोरूच्या तिरप्या कापावर, त्यामुळे जाड-बारीक तिच्या अंगातच. सगळ्या रेघा एकसारख्या जाड करा, की ‘भ’ची गाठ बुजते आणि ‘ण’चे पाय एकमेकांना चिकटतात. शिवाय शिरोरेघ. रोमन अक्षरं आपापली जागा घेऊन सुटी बसतात. आपली एका दोरीवर वाळत घातलेली, त्यांना ऐसपैस बसवायचं म्हणजे दोरीच लांबवायची. गुजरातीला ती अडचण नाही. माझी आजी बडोद्यात पन्नास वर्षं राहून त्या अक्षरांना बोडकीच म्हणायची, पण या रुंद चालीशी तीच जास्त जुळतात, हे बोर्डाखाली उभं राहून मला कबूल करावं लागलं.

हे अक्षर एकाच शब्दापुरतं. गाडीचं नाव, बुटाचं खोकं, खेळाडूची जर्सी, असं धावता धावता वाचायचं काहीही. त्यात पत्रिका छापली तर लग्न मोडेल. आणि मेतकूट? मऊ भात, वर तूप, ताप उतरलेला माणूस. त्याचं नाव इतक्या मोठ्याने कुणी घेत नाही.

चौथ्या दिवशी शेजारच्या जिममधला एक मुलगा घाम पुसत आत आला. “काकी, प्रोटीन छे?”

वहिनीने बोर्डाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “छे ने,” ती म्हणाली, “बधी दाळच तो छे,” आणि पाव किलोची पुडी बांधायला घेतली.