माझा अनुभव: सर्टिफिकेटवरचं नाव आणि दोन यूएएन

२०२४ च्या चवथीआधी, म्हणजे गणेश चतुर्थीआधी, आमच्या कंपनीत 'महिन्याचा उत्तम कर्मचारी' सुरू झालं. कंपनी हाऊसकीपिंगची, ऑफिस गोव्यात फोंड्याला. कारखाने, बँका, एकदोन इस्पितळं अशा साईटवर आमची माणसं लाद्या, काचा आणि टॉयलेटं बघतात. एचआर म्हणजे मी, आणि कधीमधी अकाउंटवाला. योजना कशी ठरली ते सांगण्यात अर्थ नाही. सुपरवायझरांनी नावं पाठवली, साहेबांनी टिक मारली, मी सर्टिफिकेटं छापून आणली. शाल, नारळ, मिक्सर. झालं.

पहिला मान कुंडईच्या एका कारखान्यातल्या मावशींना. तिथे नऊ वर्षं आहेत. नाव सांगत नाही, आडनाव सांगते, नाईक. आमच्या तालुक्यात दगड भिरकावला तर नाईकालाच लागेल, तेव्हा ओळख फुटायची भीती नाही. कँटीनमध्ये टाळ्या झाल्या, फोटो झाला. मावशी चौथीपर्यंत मराठी शाळेत गेलेल्या. त्यांनी सर्टिफिकेट डोळ्यांपासून लांब धरून अक्षर अक्षर वाचलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मॅडम, ह्या नावाची पोर तेवीस वर्षांपूर्वी लग्न होऊन गेली."

सर्टिफिकेटवर त्यांचं माहेरचं नाव होतं. पाळण्यातलं नाव आणि पुढे गावडे. लग्नात तांदळात नाव लिहून सगळंच बदललेलं. मी नाव घेतलं साईटच्या मस्टरवरून. मस्टर आम्ही २०१९ मध्ये कंत्राट घेतलं तेव्हा आधीच्या कंत्राटदाराकडून जसंच्या तसं उतरवलं होतं. आणि त्याने २०१५ मध्ये वयाचा पुरावा म्हणून शाळेचा दाखला घेतला, त्यावरचं नाव लिहून टाकलं. हजेरीला सुपरवायझर 'मावशी' अशीच हाक मारायचा, त्यामुळे पाच वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

मी म्हटलं, उद्या दुसरं छापून देते. त्या म्हणाल्या, "ते राहू दे. पीएफचं बघा. पोरीची नर्सिंगची फी भरायची आहे."

इथून पुढचे सहा महिने माझे गेले.

मुलांच्या दहावीनंतरच्या शिक्षणासाठी पीएफमधून ॲडव्हान्स मिळतो. तेव्हाचा नियम असा की सात वर्षं सभासद असायला हवं, आणि स्वतःच्या हिश्श्याच्या निम्मे पैसे काढता येतात. मावशींची नोकरी नऊ वर्षांची, म्हणजे प्रश्नच नाही असं मला वाटलं. पासबुक उघडलं तर सर्व्हिस पाच वर्षं. आमच्याकडची. आधीची चार वर्षं गायब.

गायब नव्हती, दुसऱ्या यूएएनमध्ये, म्हणजे पीएफच्या दुसऱ्या नंबरात होती. आमच्या धंद्यात हे नेहमीचं आहे. कारखान्याचं टेंडर दोन-तीन वर्षांनी फिरतं, कंत्राटदार बदलतो, झाडू मारणारी बाई तीच राहते. नवा कंत्राटदार विचारतो, पीएफ नंबर आहे? तिला कुणी कधी दाखवलेला नसतो, ती नाही म्हणते, आणि क्लार्क नवीन यूएएन काढून मोकळा होतो. तो क्लार्क म्हणजे २०१९ मधली मी. यूएएन २०१४ पासून आहे, माणसाला आयुष्यभर एकच बारा आकडी नंबर असावा म्हणून. मावशींना दोन. जुना यूएएन माहेरच्या नावाने, त्याला आधार जोडलेलं नाही. नवा आधारवरून काढलेला, सासरच्या नावाने. सिस्टिमच्या दृष्टीने ह्या दोन वेगळ्या बायका, आणि एकीचे पैसे दुसरीला कसे द्यायचे?

(तुमच्याकडे नवीन माणूस आला आणि 'नंबर नाही' म्हणाला तर विश्वास ठेवू नका. आधी कुठे काम केलंय विचारा, जुनी पगाराची स्लिप मागा, जुन्या सुपरवायझरला फोन करा. मी तेव्हा दहा मिनिटं वाचवली होती.)

दोन्ही खाती जोडायची तर आधी जुन्यातलं नाव दुरुस्त करायला हवं. त्यासाठी संयुक्त घोषणापत्र, म्हणजे सभासद आणि मालक दोघांनी मिळून द्यायचं. आख्खं नाव बदलायचं म्हणजे मोठा बदल, त्याला किमान तीन कागद. कागद आम्ही आठवड्यात जमवले. सगळ्यात उपयोगी पडला लग्नाचा दाखला. गोव्यात नोंदणीची पहिली सही, दुसरी सही केल्याशिवाय लग्न कागदावर चढतच नाही, त्यामुळे माहेरचं नाव आणि नवऱ्याचं नाव एकाच कागदावर सापडतं. फक्त त्यात गावडेचं स्पेलिंग जुन्या पद्धतीचं, शेवटी 'ओ'. नाईकच्या शेवटी क्यू-यू-ई, देसाईत दोन 'एस', हे आपल्याकडे घरोघरी आहे. एकाच बापाच्या तीन मुलांची तीन स्पेलिंगं मी फायलीत पाहिली आहेत.

कागद तयार. आता मालकाची सही. जुन्या यूएएनचा मालक मी नव्हे, जुना कंत्राटदार. त्याच्या सही-शिक्क्याशिवाय आणि त्याच्या लॉगिनमधून मंजुरी मिळाल्याशिवाय अर्ज पुढे सरकणार नव्हता.

पहिला फोन सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. "चवथीला गेलेली माणसं आलेली नाहीत, नंतर करा." नंतर केला. "सही करणारे साहेब दुबईला आहेत." ऑक्टोबरमध्ये साहेब आले तर डिजिटल सहीची मुदत संपलेली. ही सही एका पेन ड्राइव्हसारख्या टोकनमध्ये असते आणि फार तर तीन वर्षं चालते. नवीन घ्यायला दोन-तीन हजार रुपये आणि अर्धा दिवस. मी म्हटलं, पैसे आम्ही देतो. पलीकडून गप्प. मग, "मॅडम, पैशांचा विषय नाही. एकीचं केलं की चाळीस जणी येतील."

हे ऐकून मी फोन ठेवला आणि बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं.

नोव्हेंबरमध्ये मी मावशींना घेऊन प्रत्यक्ष त्याच्या ऑफिसात गेले. माशेलहून त्या, फोंड्याहून मी, दोन बसा बदलून. एका बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावर ऑफिस, कुलूप. खालचा झेरॉक्सवाला म्हणाला, मंगळवार-शुक्रवार उघडतात. गेलो तो दिवस शुक्रवारच होता. मावशी जिन्यात बसल्या. पायरीवर पानाची पिंक होती, ती बघून त्यांनी पिशवीतला रुमाल काढला. मी हात धरला. "अहो मावशी, आज सुट्टी आहे तुमची."

त्या दिवशी मी त्यांचे हात पहिल्यांदा नीट पाहिले. बोटांची टोकं गुळगुळीत, पांढुरकी, एक रेघ दिसत नाही. ॲसिड, फिनेल, दिवसाला दहा-बारा वेळा पिळलेला मॉप. ह्याच बोटांमुळे आधारला मोबाईल नंबर जोडताना मशीन तीनदा 'पुन्हा प्रयत्न करा' म्हणालं होतं. त्यावर उपाय आहे. केंद्रावर डोळ्यांचं स्कॅन करा म्हणून आधीच सांगायचं. त्या माणसाला आपणहून सुचत नाही, अंगठा पुसून पुसून पुन्हा लावायला लावतो. आणि नंबर जोडल्याशिवाय ओटीपी येत नाही, ओटीपीशिवाय काहीच होत नाही, म्हणून खरं तर हे सगळ्यात आधी करायचं. मी तिसऱ्या महिन्यात केलं.

पीएफच्या कचेरीतल्या खिडकीवरच्या माणसाने दोन रस्ते सांगितले. आस्थापना बंद झाली असेल तर राजपत्रित अधिकाऱ्यासारख्या अधिकृत माणसाच्या सहीवर कागद घेता येतात. पण ही बंद नव्हती, दुसऱ्या साईटवर चालू होती, पीएफही भरत होती. दुसरा रस्ता, तक्रार करा. तक्रार केली. तिचं उत्तर आलं, मालकाकडे पाठपुरावा करावा. मी तेच करत होते की.

अडीच महिने हा कार्यक्रम. आमचे साहेब मला म्हणाले, तू एका बाईसाठी किती वेळ घालवतेस? मी म्हटलं, सर, योजनेचं नाव काय आपल्या? ते हसले, मी नाही. आता वाटतं, बोलायला नको होतं, पण मागे घेणार नाही.

कुलूप शेवटी कुंडईच्या कारखान्याने उघडलं. डिसेंबरमध्ये त्यांच्या एचआरबरोबर हजेरीचं काम होतं, तेव्हा मी सहज रडगाणं गायले. त्यांनी विचारलं, "कोणता कंत्राटदार?" मी सांगितलं. "तो आमच्या दुसऱ्या युनिटचं टेंडर भरतोय." कंत्राटदाराने पीएफचा घोळ केला तर तो मूळ मालकाच्याही अंगाशी येतो, त्यामुळे कारखान्यालाही ही फाईल उघडी नको होती. त्यांनी एक ईमेल टाकला, दोन ओळींचा. चौथ्या दिवशी डिजिटल सही नवी झाली, संयुक्त घोषणापत्र पुढे गेलं. चौथ्या दिवशी! सप्टेंबरपासून मी काय केलं, असा प्रश्न मला पडला. मूळ मालकाला पहिल्याच आठवड्यात मध्ये घ्यायला हवं होतं. मला ते कमीपणाचं वाटलं, आपल्या क्लायंटसमोर आपली धुणी कशाला.

पुढचं सुरळीत झालं. नाव दुरुस्त, आधार जोडलं, ऑनलाइन ट्रान्सफर, पासबुकात नऊ वर्षं. मध्येच जानेवारी २०२५ मध्ये सोय आली की १ ऑक्टोबर २०१७ नंतरच्या आधार-जोडलेल्या यूएएनमध्ये सभासदाने स्वतःच नाव दुरुस्त करावं, मालकाची गरज नाही. मावशींचा जुना यूएएन २०१५ चा. आणि सात वर्षांची अटही पुढे राहिली नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये पीएफच्या विश्वस्त मंडळाने अशा सगळ्या ॲडव्हान्सना १२ महिने पुरेत असं ठरवलं. बातमी वाचून मी पेपर घडी करून बाजूला ठेवला.

पैसे फेब्रुवारीत जमा झाले. अडुसष्ट हजार आणि काही. पहिल्या वर्षाची फी तोवर पाटल्या सोसायटीत ठेवून भरलेली होती. मावशींनी पाटल्या सोडवल्या.

आता आमच्याकडे उत्तम कर्मचारी निवडला की आधी त्या माणसाला माझ्या टेबलासमोर बसवते. मोबाईलवरून ९९६६०४४४२५ ला मिस्ड कॉल द्यायला लावते. नंबर यूएएनला जोडलेला असेल तर शिल्लक एसएमएसने येते, आला नाही तर घोळ आहे. नॉमिनी भरलाय का बघते. नोकरीत असताना माणूस गेला तर पीएफच्या विम्यात सात लाखांपर्यंत मिळतात, आणि नॉमिनी नसला की घरचे खेटे घालतात. ईएसआयसीचं, म्हणजे कामगार विम्याचं कार्ड काढलंय का तेही. एका पोराला डेंग्यू झाला तेव्हा बिनपगारी रजा टाकून तो घरी पडून होता. सहा महिन्यांत ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असली की आजारपणाच्या रजेत पगाराच्या ७० टक्के मिळतात, वर्षात ९१ दिवसांपर्यंत, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि पगारातून ०.७५ टक्के कापून घेत होतो आम्ही दर महिन्याला.

ह्या तपासणीत दोन यूएएनवाली आणखी अकरा माणसं निघाली. त्यातल्या सात जणी त्याच कंत्राटदाराच्या. चाळीस म्हणाला होता, तेवढ्या काही नाहीत.

मावशींचं सर्टिफिकेट मी मार्चमध्ये पुन्हा छापलं, आधारवर आहे त्या स्पेलिंगने, दोनदा तपासून. चांगल्या जाड कागदावर. म्हटलं, लॅमिनेट करून देते, भिंतीवर लावा.

"लॅमिनेशन नको गो बाय," त्या म्हणाल्या. "मग झेरॉक्स चकाकते. उद्या कोण मागेल सांगता येत नाही."