तयार होणाऱ्या एसक्यूएलमध्ये नावांचे नियम कोणी पाळायचे?

ओरॅकल या डेटाबेसवर काम करणाऱ्या प्रत्येकाला ओआरए-००९०४ हा त्रुटिक्रमांक कधी ना कधी भेटतो. आयडेंटिफायर, म्हणजे टेबल किंवा कॉलमचे नाव, अवैध आहे, एवढेच तो सांगतो. क्वेरी, म्हणजे एसक्यूएल या भाषेत डेटाबेसला दिलेली आज्ञा, हाताने लिहिलेली असेल तर चूक बहुधा लवकर सापडते. पण ती हायबरनेटने (जावा प्रोग्रॅमसाठी एसक्यूएल आपोआप लिहिणाऱ्या साधनाने) किंवा एखाद्या रिपोर्ट बनवणाऱ्या साधनाने तयार केली असेल, तर कॉलम टेबलमध्ये डोळ्यांसमोर दिसत असतो आणि डेटाबेस मात्र तो नाहीच म्हणतो.

अशा वेळी पहिला संशय कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांवर घ्यावा. अवतरणचिन्हांशिवाय आलेले नाव ओरॅकल कॅपिटल अक्षरांत बदलून शोधतो, तर पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेस स्मॉल अक्षरांत. साधनाने टेबल तयार करताना मिश्र अक्षरांतले नाव दुहेरी अवतरणांत दिले आणि पुढे कोणी तेच नाव अवतरणांशिवाय लिहिले, तर डेटाबेसच्या लेखी ती दोन वेगळी नावे ठरतात. म्हणूनच त्रुटी आली की अवतरणे घालून मोकळे होण्याचा उपाय मला पटत नाही, कारण अशा नावाला पुढच्या प्रत्येक क्वेरीत अवतरणे द्यावी लागतात.

नावाच्या लांबीचा प्रश्न मात्र याहून गंभीर आहे. ओरॅकलमध्ये १२.१ आवृत्तीपर्यंत नावाची मर्यादा ३० बाइट होती, १२.२ पासून ती १२८ बाइट झाली, तीही 'कम्पॅटिबल' (डेटाबेसने कोणत्या आवृत्तीशी सुसंगत राहायचे ते ठरवणारे) हे सेटिंग १२.२ किंवा त्यापुढचे असेल तरच. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये ६४ अक्षरे चालतात. पोस्टग्रेसची मर्यादा ६३ बाइटची आहे आणि ती ओलांडली तर तो काम थांबवत नाही. केवळ एक सूचना देऊन नाव कापतो.

मराठीत नावे देणाऱ्यांनी याकडे विशेष लक्ष द्यायला हवे, कारण यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, अगदी काना, वेलांटी आणि हलन्तसुद्धा, तीन बाइट घेते. 'कर्मचारी_वार्षिक_रजा_शिल्लक' हे नाव ७५ बाइटचे होते आणि पोस्टग्रेसमध्ये त्याचे 'कर्मचारी_वार्षिक_रजा_शि' एवढेच उरते. 'कर्मचारी_वार्षिक_रजा_शिफारस' हेही नेमके तिथेच कापले जाते. टेबल आधीपासून नसेल तरच तयार करा, अशी अट साधनाने घातलेली असली, तर दुसरे टेबल तयारच होत नाही आणि शिफारशींची नोंद शिल्लक रजेच्या टेबलकडे जाते. कॉलम वेगळे असतील तर निदान त्रुटी येते. ते सारखेच असतील तर दोन्हींच्या नोंदी एकमेकींत मिसळतात आणि कोणाला पत्ताही लागत नाही.

क्वेरीतील मूल्ये पॅरामीटर म्हणून वेगळी पाठवता येतात, टेबलांची आणि कॉलमांची नावे तशी पाठवता येत नाहीत. ती एसक्यूएलच्या मजकुरातच गुंफावी लागतात. त्यामुळे नाव घडवण्याचे काम कोडमध्ये एकाच ठिकाणी असावे आणि समोर कोणता डेटाबेस आहे, याची माहिती त्या ठिकाणाला असावी, असे माझे ठाम मत आहे. लांब नाव कापताना जँगो (पायथनमधील वेब फ्रेमवर्क) मूळ नावावरून काढलेला छोटा हॅश, म्हणजे त्या नावावरून गणिताने काढलेला सांकेतिक तुकडा, शेवटी जोडतो, म्हणजे दोन नावे सहसा एक होत नाहीत. ही पद्धत कोणत्याही साधनाने उचलावी अशी आहे. फक्त देवनागरी नावांसाठी लांबी अक्षरांत न मोजता बाइटमध्ये मोजावी. शिवाय टेबले तयार झाल्यावर डेटाबेसच्या कॅटलॉगमधील (त्याने स्वतःच ठेवलेल्या टेबल-कॉलमांच्या नोंदीतील) नावे वाचून ती आपल्या यादीशी ताडून पाहणारी एक चाचणीही लिहून ठेवावी.