चिवड्याची वाटी

काल रात्री प्रीमियर लीग, म्हणजे इंग्लंडमधलं फुटबॉल, बघत होतो. हाफटाइमला एक माजी महिला खेळाडू विश्लेषण करत होती. तोंडून निसटलं, "हिला काय कळतंय?" भाचीने चिवड्याची वाटीच ओढून घेतली. "मामा, ॲलेक्स स्कॉट इंग्लंडसाठी १४० मॅच खेळली, तरी टीव्हीवर आल्यावर तिला हेच ऐकावं लागलं. तू तर सोसायटीच्या टीममध्येही राखीव होतास."

गप्प बसलो. २०११ आठवलं. स्काय या ब्रिटिश चॅनेलवर फुटबॉलचे कार्यक्रम करणारे अँडी ग्रे आणि रिचर्ड कीज, माइक बंद समजून सहायक रेफ्री सियान मॅसीची टिंगल करत होते, बाईला ऑफसाइड काय कळणार म्हणून. त्याच मॅचमध्ये तिचा अवघड निर्णय बिनचूक निघाला. ग्रेला काढलं, कीजने राजीनामा दिला. तेव्हा मीच त्यांना नावं ठेवली होती, बरं का!

भाचीने आणखी एक सांगितलं. २०२० मध्ये ८० मॅचची कॉमेंट्री तपासली गेली, तर गोऱ्यांची अक्कल जास्त वाखाणलेली, काळ्यांची ताकद आणि वेग. मग दुसरा हाफ कान टवकारून ऐकला. एका कृष्णवर्णीय मिडफिल्डरने दोन डिफेंडरच्या मधून इतका अलगद पास सरकवला, की बॉल स्ट्रायकरच्या बुटापाशी जाऊन थांबला. कॉमेंटेटर म्हणाला, "काय ताकद आहे!"

भाचीने माझ्याकडे बघितलं आणि वाटी परत दिली. शेंगदाणे सगळे वेचून खाल्लेले.